पलटणीतून परतताना पदवी हवी



सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील ज्या घरांतून एखादा मुलगा, भाऊ अथवा जावई आज पलटणीत आहे, त्या घरांसाठी हे चार शब्द आहेत. आपल्यापैकी काही घराण्यांनी १९५६ च्या धम्मक्रांतीच्या वेळीच दीक्षा घेतली. काहींनी ती काल-परवा घेतली. दीक्षा केव्हाही घेतलेली असो, एक प्रश्न सर्वांपुढे सारखाच उभा आहे. पलटणीत गेलेला आपला माणूस एक दिवस गणवेश उतरवून घरी येणार आहे. तो येताना काय घेऊन येणार? लोखंडी पेटी, पेन्शनचे कागद, दोन पदके आणि मुलांसाठी खाऊ, एवढेच? की त्या पेटीत महाविद्यालयाची पदवीही असणार? माझे म्हणणे असे की ती पदवी असलीच पाहिजे, आणि ती घेण्याची तयारी गणवेश अंगावर असतानाच झाली पाहिजे. तसे न झाल्यास आपल्या समाजावर पूर्वी एकदा जो प्रसंग गुदरला, तोच निराळ्या वेषाने पुन्हा गुदरेल.

हा मुलूख शिपायांचा आहे, हे कोणी सांगावयास नको. सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून निघाला तो दक्षिण सातारा या नावाने. १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत पाऊस बेताचा, जमीन हलकी, आणि आपल्या वाट्याला तीही थोडी. म्हणून तरुणाने भरतीच्या मैदानाची वाट धरावी, हे ओघानेच आले. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी' या उपपदानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी निघाली तीही साताऱ्यासच. या परंपरेत आपलाही वाटा आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार पलटण उभी राहिली, तिच्यामागे परमपूज्य बाबासाहेबांचे परिश्रम होते. तेव्हा पलटणीतील नोकरी आपणास परकी नाही आणि लाजिरवाणीही नाही. धम्म स्वीकारल्यावर शिपाईगिरी करावी काय, अशी शंका काही नवदीक्षितांच्या मनात येते. त्यांनी वैशालीच्या सिंह सेनापतीचे स्मरण करावे. तो सेनापती असतानाच तथागतांचा उपासक झाला. बौद्धाने शस्त्र कोणत्या हेतूने आणि कोणत्या विवेकाने धरावे, हा विचार करण्यासाठीही प्रज्ञा लागते. आणि प्रज्ञेला शिक्षणाचे खतपाणी लागते.

आता मी म्हणतो तो पूर्वीचा प्रसंग कोणता, ते पाहू. इंग्रजांच्या फौजेत आपले पूर्वज कंपनी सरकारच्या काळापासून होते. त्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेत ज्याला पायरीवरही बसू देत नसत, तो छावणीच्या शाळेत अक्षरे गिरवीत होता. परंतु १८९२-९३ च्या सुमारास सरकारने 'लढवय्या जाती' आणि 'बिगर लढवय्या जाती' असा भेद केला आणि आमच्या लोकांची भरती बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या उघडे असलेले दार एका हुकुमाने लागले. ते पुन्हा उघडावे म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला; शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, गरज लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली गेली. गरज सरताच १९२१ साली ती मोडलीही. धन्याला हवे तेव्हा बोलवायचे आणि नको तेव्हा घरी धाडायचे, असा तो व्यवहार होता.

दार लागल्यावर काय झाले, हे नीट पाहिले पाहिजे, कारण त्यात आपणासाठी धडा आहे. ज्यांच्याजवळ केवळ शिपाईगिरी होती, त्यांच्या मुलांना गावगाड्याखेरीज दुसरी वाट उरली नाही. तीच वेसकरी, तीच निरोप्याची धावाधाव, तीच मेलेली गुरे ओढणे. बापाच्या छातीवर पदक होते आणि मुलाच्या हाती वेसकराची काठी आली. परंतु ज्यांनी पलटणीत असताना विद्या मिळविली, त्यांची गोष्ट निराळी घडली. गोपाळबाबा वलंगकर हे पेन्शनीत निघालेले शिपाई. त्यांनी दापोलीस राहून लेखणी हाती घेतली. 'दीनबंधु'त लेख लिहिले, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढले आणि अस्पृश्यतेवर उघड हल्ला चढविला. दुसरे सुभेदार रामजी सकपाळ. ते पलटणीच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. पेन्शनीनंतर ते आपल्या याच साताऱ्यास आले आणि सरकारी बांधकामाच्या खात्यात नोकरीस लागले. हिशेब, लेखन आणि इंग्रजीचे ज्ञान त्यांच्याजवळ होते, म्हणूनच पलटणीबाहेरची ती नोकरी त्यांना धरता आली.

या सुभेदारांचा मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाला. महाराष्ट्रात हा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपण तो दिवस पाळतो, प्रतिमेला हार घालतो, हे योग्यच आहे. पण त्या हजेरीपटावरील नावामागे एका निवृत्त शिपायाची पाटी-पेन्सिल होती, हे आपण विसरू नये. रामजींनी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. पुस्तकासाठी पैसे नसले म्हणजे ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून घेत, तो गहाण टाकीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत नेऊन देत. त्या पेन्शनीचा पहिला खर्च पुस्तक हा होता. आज आपल्या घरी पेन्शनीचा पहिला खर्च कोणता असतो, याचा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

शिपायाला परत आल्यावर समाजात मानाचे स्थान कसे मिळेल, हा प्रश्न पुढे बाबासाहेबांनीच राज्यकर्त्याच्या खुर्चीत बसून हाताळला आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लाखो शिपाई एकदम मोकळे होणार, हे दिसत होते. त्यांना नागरी जीवनात काम मिळवून देण्यासाठी जुलै १९४५ मध्ये मजूर खात्यात पुनर्वसन आणि सेवायोजनाचे महासंचालनालय स्थापन झाले, आणि देशात सेवायोजन कार्यालयांचे जाळे निघाले ते प्रथम या मोकळ्या झालेल्या सैनिकांसाठी व युद्धकामगारांसाठी. ज्या कार्यालयात आपली मुले पुढे नाव नोंदविण्यासाठी रांगेत उभी राहिली, त्याचा उगम हा असा आहे. त्याच १९४५ सालच्या ८ जुलैला बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली, आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. एकाच वर्षात एका हाताने नोकरीचे दार आणि दुसऱ्या हाताने महाविद्यालयाचे दार उघडण्याची ही योजना होती. नोकरी आणि विद्या यांची त्यांनी फारकत केली नाही. आपण ती का करावी?

आता आजची स्थिती पाहा. साधारणपणे नियमित भरतीचा शिपाई पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून, पस्तिशीच्या पुढे-मागे पेन्शनीवर येतो. पेन्शन मिळते, पण मुलांची शिक्षणे आणि आईबापांची आजारपणे समोर असतात. म्हणून तो काम शोधतो आणि बहुतेक वेळा त्यास काम मिळते ते पहारेकऱ्याचे. बँकेचे दार, कारखान्याचे फाटक, मोठ्या इमारतीची चौकी. पुनर्वसन महासंचालनालयाच्या यादीवर माजी सैनिकांच्या सुरक्षा संस्था असतात, त्यामुळे ही वाट मळलेली आहे आणि सोपीही आहे. कष्टाचे कोणतेही काम हलके नाही. पहारा देऊन घर चालविणाऱ्या आपल्या बांधवाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु आपल्या समाजाने एक गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहिली पाहिजे. ज्या समाजाच्या माथी गावकीने शतकानुशतके वेशीची राखण मारली होती आणि जो १९५८ च्या कायद्याने त्या वतनातून सुटला, त्या समाजाचा तरुण सीमेवरचे शौर्य गाजवून परत येतो आणि पुन्हा दुसऱ्याच्या वेशीवरच उभा राहतो! त्याने ते काम दहा कामांतून निवडले असेल तर प्रश्न नाही. दुसरे कोणतेच दार उघडत नाही म्हणून तो तेथे उभा असेल, तर मात्र ती निवड नव्हे. ती जुनी वेसकरीच नव्या टोपीखाली चालू आहे, असे म्हणावे लागेल.

यावर कोणी म्हणेल, "आमच्या मुलाला पलटणीनेच पदवीचा दाखला दिला आहे." हा दाखला काय आहे, हे समजून घ्या. जो शिपाई मॅट्रिक झाला आहे आणि ज्याची पंधरा वर्षे नोकरी झाली आहे, त्यास केंद्र सरकारच्या १९८६ च्या नियमान्वये 'गट क' च्या, तांत्रिक अनुभवाची अट नसलेल्या जागांसाठी पदवीधरासमान मानले जाते. ही सवलत उपयोगाची आहे; ती घेतलीच पाहिजे. केंद्राच्या 'गट क' मधील शेकडा १० जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत, त्या जागांसाठी हा दाखला कामी येतो. परंतु तो एकाच दाराची किल्ली आहे. वकिलीचा अभ्यास करावयाचा झाला, शिक्षक होण्यासाठी बी. एड. करावयाचे झाले, एम. ए. व्हावयाचे झाले, तर तेथे तो चालत नाही. तेथे विद्यापीठाची पदवीच लागते. कारकुनाच्या खुर्चीपर्यंत नेणाऱ्या कागदाला आपण उच्च शिक्षण समजून बसलो, तर साहेबाच्या खुर्चीत दुसराच बसेल आणि आपण फाइली नेत राहू. बाबासाहेबांनी मोक्याच्या जागांचे महत्त्व आपणास वारंवार सांगितले. त्या जागांचा रस्ता पदवीवरून जातो.

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हापासून हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. या योजनेत भरती झालेल्या अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. त्यांतील फार तर शेकडा २५ जणांना पुढे कायम केले जाते. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी देऊन मोकळे केले जाते. पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. २०२२ च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. म्हणजे पूर्वी जो प्रश्न पस्तिशीच्या माणसापुढे येत असे, तो आता पंचविशीच्या आतल्या मुलापुढे येणार. ज्या वयात इतर समाजांची मुले पदवी घेऊन बाहेर पडतात, त्या वयात आपला मुलगा हातात रक्कम आणि अंगात शिस्त घेऊन, पण पदवीवाचून, गावच्या एस. टी. थांब्यावर उतरेल. या योजनेच्या गुणदोषांची चर्चा इतरत्र होत आहे. तिचा निर्णय काय व्हावयाचा तो होवो. जो मुलगा आज त्या नोकरीत आहे त्याचे काय, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पदवीचा अभ्यासक्रम आखला असून त्यात निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणाबद्दल धरले जातात. दहावीवर भरती झालेल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचे प्रमाणपत्र मिळविण्याची सोय आहे. सोय आहे, पण सोय आपण होऊन कोणाच्या घरी चालत येत नाही. तिच्यासाठी नाव नोंदवावे लागते, पुस्तक उघडावे लागते.

सोय असूनही ती दीनदुबळ्यांपर्यंत कशी पोहोचत नाही, याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले आहे. जून १९४४ मध्ये तेथे कायदा झाला आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. सुमारे २२ लाख सैनिक या कायद्याच्या आधारे महाविद्यालयांत गेले आणि त्या देशाचा मध्यमवर्ग त्यातून वाढला. कायद्यात गोरा-काळा असा भेद लिहिलेला नव्हता. परंतु अंमलबजावणी गावोगावच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे होती, आणि दक्षिणेतील गोऱ्यांच्या महाविद्यालयांची दारे निग्रो सैनिकाला बंद होती. म्हणून कायद्याचे पीक गोऱ्यांच्या खळ्यात पडले आणि काळ्यांच्या पदरी सरवा आला. तरीही ज्यांनी चिकाटी धरली, त्यांनी इतिहास घडविला. मेडगर एव्हर्स हा मिसिसिपीचा काळा सैनिक. युरोपात लढून तो परतला. १९४६ साली मत देण्यास गेला, तर बंदूकधारी जमावाने त्यास परत फिरविले. १९४८ साली तो अल्कॉर्न महाविद्यालयात दाखल झाला, १९५२ साली पदवीधर झाला आणि १९५४ पासून आपल्या समाजाच्या हक्कांच्या संघटनेचा मिसिसिपीतील पहिला कार्यवाह म्हणून उभा राहिला. १९६३ साली त्याचा खून झाला, पण त्याने उठविलेला आवाज बंद झाला नाही. शिपायाचे धैर्य आणि पदवीधराचे ज्ञान एका माणसात एकत्र आले म्हणजे जुलूम करणाऱ्याला त्याची भीती का वाटते, हे यावरून कळेल.

आपल्या बाबतीत कागदाचा आणखी एक अडसर होता, आणि नवदीक्षित कुटुंबांनी तो विशेष ध्यानात घ्यावा. १९५६ नंतर ज्यांनी आपला धर्म बौद्ध म्हणून नोंदविला, त्यांच्या अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती गेल्या. महाराष्ट्रात १९६० पासून राज्याच्या सवलती बौद्धांना मिळू लागल्या. पण केंद्राच्या नोकऱ्यांत न्याय मिळावयास १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांसही अनुसूचित जातींच्या यादीचा लाभ मिळाला. मधल्या ३४ वर्षांत कित्येकांनी मनाने बौद्ध आणि कागदावर हिंदू असे दुहेरी जिणे काढले. आज त्या भीतीचे कारण उरलेले नाही. तरीही भरतीच्या वेळी एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि तहसील कचेरीत तिसरेच, अशा नोंदी आपल्या घरांत सापडतात. मग महाविद्यालयाच्या प्रवेशाला किंवा नोकरीला जात पडताळणीची वेळ आली म्हणजे धावपळ होते. अनुसूचित जातीच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मागितले जातात. ज्यांचे आजोबा-पणजोबा पलटणीत होते, त्यांनी त्यांची जुनी लष्करी कागदपत्रे जपून ठेवावीत. प्रसंगी ती उपयोगी पडू शकतात. कोणी विचारील, आम्ही जात सोडली, मग जातीचा कागद कशास? उत्तर सरळ आहे. सवलत ही जातीचे भूषण म्हणून मिळत नाही; जातीने केलेल्या अन्यायाची ती भरपाई आहे. धर्म बदलल्याने आपण माणूस झालो. आपले येणे मात्र बुडालेले नाही. धर्माच्या रकान्यात अभिमानाने बौद्ध लिहा आणि हक्काचा कागदही नीट ठेवा.

तर मग घरातील माणसांनी करावे काय? पहिली गोष्ट, शिपाई नोकरीत असतानाच त्यास अभ्यासास लावा. बारावी राहिली असेल तर ती आधी पुरी करून घ्या. नंतर मुक्त विद्यापीठात नाव घाला. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून पदवीचे शिक्षण देत आहे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात; १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचेही दूरशिक्षण आहे. पलटणीत असताना तीन वर्षांची पदवी पाच वर्षांत झाली तरी हरकत नाही. पेन्शनीवर येण्यापूर्वी ती हाती असावी, एवढेच पाहा. सुटीवर आलेल्या शिपायाला आपण लग्नकार्ये आणि जेवणावळी यांत गुंतवून टाकतो. त्या सुटीतील थोडे दिवस तरी त्याच्या परीक्षेला द्या.

दुसरी गोष्ट, सेवानिधीची अथवा निवृत्तीची रक्कम हाती आली म्हणजे तिला वाटा फुटतात. नवे घर, मोटारसायकल, बहिणीचे थाटाचे लग्न, कोणा नातलगाचा धंदा. बाबासाहेबांनी लग्नातील उधळपट्टीवर किती कठोर शब्दांत टीका केली, ते आपण जाणतो. त्या रकमेतून शिक्षणाचा भाग प्रथम बाजूला काढा. उरेल त्यात घर बांधा. घराला मजला मागाहूनही चढविता येतो. पंचविशीतील पदवी पन्नाशीत घेणे मात्र फार जड जाते.

तिसरी गोष्ट पत्नीची. शिपाई सीमेवर असताना सासू-सासऱ्यांचे औषधपाणी, मुलांची शाळा, शेताची पेरणी, तलाठ्याकडचे हेलपाटे हे सर्व तिने एकटीने केले. ती दहावी-बारावी होऊन थांबली असेल, तर तिचेही नाव त्याच दिवशी मुक्त विद्यापीठात घाला. घरात दोन विद्यार्थी असले म्हणजे मुलांना अभ्यासाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

काही आक्षेप मला ऐकू येतात. पदवीधर मुलेच नोकरीवाचून हिंडतात, मग शिपायाने पदवी घेऊन काय मिळवावयाचे? हा आक्षेप खोटा नाही. बेकारी मोठी आहे आणि पदवी म्हणजे नोकरीची हुंडी नव्हे. परंतु माजी सैनिकाच्या जागा, वयाची सवलत आणि अनुसूचित जातीचा हक्क या गोष्टी ज्याच्याजवळ आहेत, त्याला पदवीची जोड मिळाली म्हणजे तो जितक्या परीक्षांना बसू शकतो, तितक्या परीक्षांना दुसरा क्वचितच बसू शकेल. अग्निवीराला माजी सैनिकाची सवलत नाही, म्हणून त्याला तर पदवीची गरज दुप्पट आहे. दुसरा आक्षेप वयाचा. चाळिशीतला माणूस पोरांच्या वर्गात बसेल काय? जो माणूस बर्फात पहारा करीत नकाशे वाचतो, बिनतारी यंत्र चालवितो, भांडाराचा हिशेब ठेवतो, देशाच्या दहा प्रांतांतील माणसांशी हिंदीत बोलतो, त्याला इतिहासाचे अथवा अर्थशास्त्राचे पुस्तक कठीण जाईल, ही समजूत भित्री आहे. बाबासाहेब १९२० साली प्राध्यापकाची नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी म्हणून लंडनला गेले, तेव्हा ते संसारी गृहस्थ होते. विद्यार्थी होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, तर आपणास का वाटावा?

आपल्या कर्तव्यांबरोबर मागण्याही मांडल्या पाहिजेत. सातारा ही कर्मवीर भाऊराव पाटलांची कर्मभूमी. १९२४ साली त्यांनी येथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय उघडून 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर गरिबाच्या मुलाला पदवीचा मार्ग मोकळा केला. कऱ्हाडचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय १९५४ सालचे. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय तर १९१९ पासून उभे आहे. ज्या मातीत कमावता विद्यार्थी ही कल्पना रुजली, तेथील महाविद्यालयांनी परतलेल्या सैनिकासाठी सकाळचे अथवा सायंकाळचे वर्ग चालवावेत, ही मागणी अवास्तव नाही. लष्करी प्रशिक्षणाचे श्रेयांक मुक्त विद्यापीठ मानते, तर इतर विद्यापीठांनीही ते मानावेत. आणि ही सवलत अग्निवीराइतकीच जुन्या नियमित शिपायालाही मिळावी. दोन्ही जिल्ह्यांतील सैनिक कल्याण कार्यालयांनी शिक्षणाच्या सोयींची माहिती मराठीत छापून गावोगावी पोहोचवावी. या मागण्या आपल्या संघटनांनी, माजी सैनिकांच्या मेळाव्यांनी आणि ग्रामसभांनी ठराव करून पाठवाव्यात. मागितल्यावाचून मिळत नाही. वलंगकरांच्या अर्जापासून महार पलटणीच्या स्थापनेपर्यंत ४७ वर्षे लागली, पण मागणी कोणी सोडली नाही.

आणि आपल्या विहारांकडेही एक मागणे आहे. गावागावांत आपण विहारे बांधली. सकाळ-संध्याकाळ वंदना झाल्यावर ती बंद असतात. त्यांतील एक खोली अभ्यासिका करा. तेथे टेबल, दिवा, मुक्त विद्यापीठांची पुस्तके आणि अर्ज ठेवा. गावातील पदवीधर मुला-मुलींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे बसून परतलेल्या शिपायाला आणि त्याच्या पत्नीला इंग्रजी व गणित शिकवावे. त्याच्याकडून त्यांनी शिस्त शिकावी. पलटणीत जाऊ इच्छिणाऱ्या मुलालाही तेथेच बजावावे की भरतीच्या दिवशीच पदवीचा विचार कर.

बंधुभगिनींनो, पलटण कोणाची आयुष्यभर नसते. सरकार तिचे नियम बदलते. एका सालात दार उघडते, दुसऱ्या सालात लावते. १८९३ साली लागलेल्या दाराने आपल्या हजारो घरांना पुन्हा गावकीत ढकलले. पण त्याच वेळी एका शिपायाच्या घरातील विद्या कोणत्याही हुकुमाने काढून घेता आली नाही, आणि तिच्याच बळावर आपण आज माणूस म्हणून उभे आहोत. गणवेश सरकारचा असतो, तो परत करावा लागतो. विद्या आपली असते. पुढच्या सुटीत तुमचा शिपाई घरी येईल तेव्हा त्याचे स्वागत अवश्य करा, आणि त्याच्या हाती मुक्त विद्यापीठाचा अर्जही ठेवा. तो भरून घेतल्यावाचून त्याला परत पलटणीत जाऊ देऊ नका.

जय भीम!